शाळा बंद, अभ्यास चालू

गावात उंदीर पडू लागले की माणसं गाव सोडायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्रात ही रीतच पडून गेली होती. घरात मेलेला उंदीर दिसला की धान्य, भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन शेतात नाहीतर माळावर झोपडी घालायची आणि साथ ओसरेपर्यंत तिथंच दिवस काढायचे. मास्तर एका झोपडीत, मुलं दुसऱ्या झोपडीत आणि शाळेला कुलूप. त्या वर्षी परीक्षा झाली तर झाली, नाहीतर वर्ष बुडालं. बुडायचं ते सगळ्या गावाचंच, त्यामुळं कुणा एकाला त्याची लाज वाटायचं कारण नसे.

प्लेग मुंबईत आला तो १८९६च्या सप्टेंबरात. मांडवी बंदराच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो पहिल्यांदा ओळखला. मराठी वर्तमानपत्रं त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत आणि साधी माणसं गाठीचा ताप. पुढच्याच फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. याच कायद्याचा आधार घेऊन १२३ वर्षांनी, २०२०च्या मार्चमध्ये, महाराष्ट्रातल्या शाळा बंद होणार होत्या. पुण्यात रँडसाहेबाच्या समितीनं घरोघर झडत्या घेतल्या, आजाऱ्यांना रुग्णालयात आणि घरच्यांना छावणीत नेलं. २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हा इतिहास शाळेतल्या पुस्तकात असतो. त्या वेळच्या शाळकरी मुलांचं काय झालं, ते मात्र त्या पुस्तकात नसतं.

ती मुलं मोठ्या माणसांच्या चरित्रांत अधूनमधून दिसतात. मुंढव्याच्या वस्तीतला प्लेगनं फणफणलेला एक मुलगा सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणला, असं सांगतात. तो वाचला. सावित्रीबाईंना मात्र तोच आजार जडला आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. मुलींची शाळा काढणारी बाई एका मुलाला वाचवताना गेली, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मुलाच्या मनावर पुढं जन्मभर काय राहिलं असेल, याची नोंद कुठंच नाही. नाशिकजवळच्या भगूरला १८९९ साली सावरकरांच्या घरात वडील आणि काका दोघंही प्लेगनं गेले. विनायक तेव्हा सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. पाठोपाठ धाकटा आणि थोरला भाऊही आजारी पडले. ते दोघं वाचले.

सान्यांचा पंढरी, म्हणजे पुढचे साने गुरुजी, कोकणातल्या पालगडहून शिकायला म्हणून औंध संस्थानात आला होता. घरची गरिबी, परका मुलूख, स्वतःच्या हातानं रांधून खायचं आणि त्यात अभ्यास. कसाबसा जम बसतोय तोवर औंधला प्लेग सुरू झाला आणि त्याला गाव सोडावं लागलं. तिथून तो पुण्याला नूतन मराठी विद्यालयात गेला आणि मॅट्रिक झाला. शाळा तुटणं म्हणजे काय हे या मुलानं अंगावर काढलं होतं. पुढं अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये तो शिक्षक झाला, छात्रालयाचा प्रमुख झाला आणि मुलांसाठी रोज हातानं लिहून एक दैनिक काढू लागला. घरापासून लांब राहणाऱ्या पोरांना सकाळी उठल्यावर कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटावं, एवढ्यासाठी रात्री जागून लिहिणारा हा माणूस. मानसशास्त्राची पदवी त्याच्याकडं नव्हती. पण महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या मनाची काळजी कुणी आणि कधी घ्यायला सुरुवात केली याचा शोध घ्यायचा, तर तो अमळनेरपासून घ्यावा लागेल.

शाळा बंद कराव्यात की चालू ठेवाव्यात, हा वाद पेटला तो १९१८च्या इन्फ्लुएंझात, आणि तोही अमेरिकेत. मुंबईत त्या साथीनं ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ माणसं नेली. तिकडं बहुतेक अमेरिकी शहरांनी शाळांना टाळं लावलं. न्यूयॉर्क, शिकागो आणि न्यू हेवन यांनी ते लावलं नाही. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांचा हिशेब सरळ होता. शहरातली बहुसंख्य मुलं कोंदट चाळींमधून राहतात. त्यांच्या घरापेक्षा शाळा हवेशीर, स्वच्छ, आणि शिवाय तिथं रोज त्यांना कुणीतरी तपासतं. लहान मुलांच्या आरोग्याचा विभाग उभा करणाऱ्या डॉ. जोसेफिन बेकर यांनीही हाच आग्रह धरला होता. घर सुरक्षित आणि शाळा धोक्याची असं त्यांनी गृहीत धरलं नाही, एवढी एक गोष्ट शंभर वर्षांनी धारावीच्या किंवा भिवंडीच्या दहा बाय दहाच्या खोलीसमोर उभं राहून आठवण्यासारखी होती. २०२०चा विषाणू वेगळा होता, शहरं वेगळी होती, त्यामुळं तोच निर्णय घ्यायला हवा होता असं म्हणता येणार नाही. पण तो प्रश्नसुद्धा आपल्याकडं फार उशिरा विचारला गेला.

वर्ष बुडू द्यायचं नाही, हा हट्ट पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसला तो १९३७ साली शिकागोत. पोलिओच्या साथीमुळं सप्टेंबरात शाळा उघडल्याच नाहीत. मग तिसरी ते आठवीच्या सुमारे सव्वातीन लाख मुलांसाठी शहरातल्या रेडिओ केंद्रांवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ सुरू झाले. कुठल्या इयत्तेचा कुठला विषय किती वाजता, कुठल्या केंद्रावर, हे वर्तमानपत्रांत छापून यायचं. शिक्षण खात्याच्या कचेरीत फोनवर शिक्षक बसवले होते. पहिल्याच दिवशी हजारावर फोन आले. काही मुलांना पाठ फार भरभर जातात असं वाटायचं, काहींच्या घरी रेडिओ नव्हता आणि काहींच्या रेडिओवर खरखरच जास्त. तीनेक आठवड्यांत शाळा उघडल्या आणि प्रयोग संपला. तक्रारींची ही यादी २०२०च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या कुठल्याही पालकसभेत जशीच्या तशी वाचून दाखवता आली असती. फरक मुदतीचा होता. शिकागोत तीन आठवडे, आणि मुंबईतल्या पहिलीच्या मुलाच्या वाट्याला एकवीस महिने.

९ मार्च २०२०ला पुण्यात राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले आणि आठवडाभरात शहरांतल्या शाळा बंद झाल्या. दहावीची परीक्षा तेव्हा चालू होती. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर पुढं ढकलला गेला, मग १२ एप्रिलला तो रद्दच झाला आणि त्याचे गुण सरासरीनं मिळाले. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, पुण्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं एक अभ्यासमाला सुरू केली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं तिचं नाव. रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर इयत्तावार दुवे यायचे आणि शिक्षक ते पालकांच्या गटावर टाकायचे. नाव चांगलं होतं, माणसं मनापासून काम करत होती. पण शाळा वजा केल्यावर जे उरतं त्याला शिक्षण म्हणायचं का, हा प्रश्न त्या नावातच दडला होता.

शाळेतून काय काय वजा झालं ते मोजायचं तर खिचडीपासून सुरुवात करावी लागते. तांदूळ आणि कडधान्य पालकांना घरी वाटलं गेलं, पण ओळीत बसून खाणं गेलं. मधली सुट्टी गेली, बाकावरचा शेजारी गेला. घरात बाप दारू पिऊन मारतो हे जिच्या डोळ्यांकडं पाहून बाईंना कळायचं, ती मुलगी आता पडद्यावरचं एक काळं चौकोनी खोकं झाली होती. कॅमेरा मुद्दाम बंद ठेवलेला. मागं दोरीवरचे कपडे, आईचा स्टोव्ह आणि निजलेली आजी दिसू नये म्हणून. ‘आवाज येतोय का?’, ‘मॅम, तुम्ही म्यूटवर आहात’, ‘यस मॅम’ एवढ्यावर हजेरी लागायची. पुष्कळ घरांत फोन एकच होता, आणि तो सकाळी आठला बापाच्या खिशात बसून कामावर जायचा. मग अभ्यास रात्री, थोरल्याचा झाला की धाकट्याचा. नेटपॅक संपला की दोघांचाही नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पोरं रेंज शोधत टेकडीवर जाऊन बसायची. भर पावसात डोंगरावर खोपटं बांधून शिकणाऱ्यांच्या बातम्या छापून आल्या आणि लोकांनी त्यांचं कौतुक केलं. कौतुक करण्यासारखंच होतं ते. त्या खोपटात बसलेल्या पोराला एकटं वाटतं का, हे मात्र बातमीत नव्हतं.

‘असर’ या पाहणीनुसार २०१८ साली ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. सप्टेंबर २०२०मध्ये तो ६१.८ टक्के घरांत होता. दोन वर्षांतली ही उडी थक्क करणारी आहे, आणि ती कुणी कर्ज काढून, कुणी शेळी विकून मारलेली आहे. तरीही दहातल्या जवळजवळ चार मुलांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. त्यांच्यासाठी शिक्षकांनी आणि संस्थांनी जे केलं त्याचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही. सोलापुरात नीलमनगर या कामगारवस्तीतल्या आशा मराठी विद्यालयानं घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाढे, व्याकरण, शास्त्राच्या आकृत्या रंगवल्या. येता-जाता मुलं उभी राहून वाचायची. पालघर-नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात दिगंत स्वराज फाउंडेशननं ‘बोलकी शाळा’ काढली. गावात भोंगा लावायचा आणि त्यातून ध्वनिमुद्रित पाठ ऐकवायचे. मुलं अंतर ठेवून उघड्यावर बसायची. त्या भोंग्याला ती भाऊ किंवा ताई म्हणू लागली. शिकवणारं माणूस दिसत नाही म्हटल्यावर मुलांनी आपणहून एक माणूस तयार केलं. त्या दोन वर्षांतल्या मुलांच्या मनाबद्दल एवढं बोलकं काही क्वचितच सापडेल. २० जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी. घरातल्या नि अंगणातल्या वस्तू घेऊन करायचे उद्योग त्यात असत. सगळ्यांत साधं माध्यम आणि सगळ्यांत कमी गाजावाजा, पण फोन नसलेल्या घरापर्यंत पोचण्याचा तोही एक मार्ग होता.

शिक्षक या काळात कुठं होते? पुष्कळदा नाक्यावर. जिल्ह्याच्या हद्दीवर गाड्या अडवायला, रेशन दुकानावर, आणि सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर ताप मोजायला. मुलाची विचारपूस करणारा माणूसच सरकारनं दुसऱ्या कामाला लावला होता.

राज्याची चर्चा मात्र एकाच गोष्टीभोवती फिरत राहिली: परीक्षा. पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची नाही असं राज्यानं ठरवलं, विद्यापीठ अनुदान आयोगानं जुलैत ती घ्यावीच लागेल म्हणून कळवलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २८ ऑगस्टला निकाल आयोगाच्या बाजूनं लागला. चार-पाच महिने लाखो मुलं पुस्तक उघडावं की नोकरी शोधावी या पेचात बसून होती. एप्रिल २०२०च्या अखेरीस राजस्थानातल्या कोटा शहरात अडकलेल्या मराठी मुलांना आणायला धुळ्याहून एसटीच्या सुमारे सत्तर गाड्या गेल्या. खाणावळी बंद, शिकवण्या बंद, वसतिगृहाच्या खोलीत एकटं पोर; इथं निदान कुणीतरी गाडी पाठवली. पुण्यात सदाशिव पेठेतल्या नि नव्या पेठेतल्या स्पर्धा परीक्षावाल्यांना गाडी आली नाही. त्यांची परीक्षा पुन्हा पुन्हा पुढं गेली आणि ११ मार्च २०२१ला, अवघ्या तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा परत लांबल्याचं कळताच ती रस्त्यावर उतरली. वयाची अट सरत चाललेल्या मुलाला ‘थोडं थांब’ म्हणणं म्हणजे काय, ते शास्त्री रस्त्यावरच्या त्या संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. परीक्षा मग २१ मार्चला झाली.

२०२१च्या दहावीची गोष्ट तर आणखी विचित्र. एप्रिलमध्ये परीक्षा रद्द झाली. गुण द्यायचे ठरले ते असे: पन्नास टक्के नववीच्या निकालावरून आणि उरलेले दहावीच्या वर्षातल्या अंतर्गत चाचण्यांवरून. पण या मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही साथीमुळं झालेली नव्हती. म्हणजे अर्ध्या वर्षाच्या भरवशावर निम्मे गुण. १६ जुलैला निकाल लागला ९९.९५ टक्के, ९५७ मुलांना शंभरपैकी शंभर. संकेतस्थळ त्या दिवशी कोलमडलं. अभिनंदनाऐवजी या मुलांना मिळालं ते ‘कोरोना बॅच’ हे नाव आणि मोबाइलवर फिरणारे विनोद. अकरावीच्या प्रवेशासाठी मग २१ ऑगस्टला वेगळी परीक्षा ठरली, मुलांनी पुन्हा पुस्तकं काढली, आणि १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं तीही रद्द केली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला वर्षभरात इतक्या वेळा धावपट्टीवर उभं करून परत बसवायचं, याला काळजी म्हणत नाहीत.

मनाचे आकडे आले ते पुष्कळ नंतर. मोजायची सोय आधीच तोकडी होती. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं दिसलं होतं, म्हणजे साथीच्या आधीच. महाराष्ट्रात मुलांच्या मनासाठी काम होत नव्हतं असं नाही. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी १९६२पासून, ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९०पासून, टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही फोनसेवा २०१२पासून चालू होती. पण ही बेटं होती. तालुक्याच्या गावातल्या मुलाला त्यांची नावंही ठाऊक नव्हती. केंद्र सरकारनं २१ जुलै २०२०ला विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ सुरू केलं. २०२१मध्ये युनिसेफच्या पाहणीत भारतातल्या १५ ते २४ वयाच्या १४ टक्के मुलामुलींनी आपल्याला वारंवार उदास वाटतं, कशातच रस वाटत नाही असं सांगितलं. त्याहून बोचरा आकडा दुसरा आहे. मनाच्या त्रासासाठी कुणाची मदत घेणं चांगलं, असं भारतात फक्त ४१ टक्के तरुणांना वाटलं. एकवीस देशांची सरासरी ८३ होती.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा आकडा २०१९ला १०,३३५, २०२०ला १२,५२६ आणि २०२१ला १३,०८९ असा चढत गेलेला आहे. २०२१मध्ये १,८३४ नोंदींसह महाराष्ट्र पहिला होता. या आकड्यांमागं एकच कारण शोधू नये. ऑनलाइन शिक्षणामुळं इतकी मुलं गेली असं कुणी म्हणत असेल तर त्याच्याकडं तसा पुरावा नाही. साथीच्या आधीही आकडा वाढतच होता, आणि घरातला मृत्यू, बुडालेला रोजगार, मारहाण, परीक्षा यांची गुंतवळ पोलिसांच्या तक्त्यात सुटी होत नाही. एवढं मात्र खरं, की शाळेच्या फाटकातून रोज आत येणारं मूल गप्प झालंय हे ओळखणारी माणसं नेमक्या त्याच काळात मुलांसमोर नव्हती. ‘टेलीमानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत फोनसेवा, जिच्यावर आज कुणालाही मराठीतून बोलता येतं, ती आली १० ऑक्टोबर २०२२ला.

शाळा उघडल्या त्याही हप्त्याहप्त्यानं. २३ नोव्हेंबर २०२०ला नववी ते बारावी, २७ जानेवारी २०२१ला बऱ्याच ठिकाणी पाचवी ते आठवी, मग दुसरी लाट आणि पुन्हा कुलूप. जुलैत कोरोनामुक्त गावांत वरचे वर्ग, ४ ऑक्टोबरला बहुतेक राज्यात. मुंबईतले पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबरला भरले. जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल तिथं पहिल्यांदा वर्गात बसलं तेव्हा दुसरीचं निम्मं वर्ष सरलं होतं. आणि तीनच आठवड्यांत ओमायक्रॉनमुळं शाळा परत बंद झाल्या, त्या उघडल्या २४ जानेवारी २०२२ला.

त्याच जानेवारी ते मार्चमध्ये एनसीईआरटीनं सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ मुलांना विचारलं. ४३ टक्के मुलांनी मन सारखं हेलकावतं असं सांगितलं, ५१ टक्के मुलांना ऑनलाइन शिकणं अवघड गेलं होतं. काळजीचं कारण विचारल्यावर ८१ टक्के मुलांचं बोट अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांच्याकडं गेलं. साथ येऊन गेली, माणसं गेली, आणि मुलांना धास्ती कशाची तर पेपरची. वर्ष बुडू द्यायचं नाही हे मोठ्यांचं म्हणणं मुलांनी अगदी मनावर घेतलं होतं.

३१ जानेवारी २०२२ला दहावी-बारावीची शेकडो मुलं धारावीत शिक्षणमंत्र्यांच्या घराजवळ जमली. वर्ग ऑनलाइन झाले, तर परीक्षा ऑफलाइन का, एवढंच त्यांचं विचारणं होतं. पोलिसांनी लाठ्या उगारल्या. चिथावणी दिल्याबद्दल समाजमाध्यमांवरच्या एका प्रसिद्ध माणसाला अटक झाली आणि चर्चा त्याच्यावर गेली. मागणी मान्य झाली नाही. पण मंडळानं त्या वर्षी काही सवलती दिल्या. अभ्यासक्रमाचा पाव भाग वगळला, मुलांना आपल्याच शाळेत पेपर लिहिता येईल अशी केंद्रं केली, आणि मोठ्या पेपरांना अर्धा तास, लहान पेपरांना पाव तास वाढवून दिला. दोन वर्षांत मुलांची लिहायची सवय मोडली आहे, हे त्यामागचं कारण होतं. बारावीची परीक्षा ४ मार्चला आणि दहावीची १५ मार्चला सुरू झाली. सकाळचा पेपर साडेदहाला.